पाणी आणि भीड

आमच्या घरात रामदास दोन होते. एक सज्जनगडचे. त्यांचे मनाचे श्लोक आजी तिन्हीसांजेला आमच्याकडून म्हणून घ्यायची. दुसरा रामदास म्हणजे बोट. तिचं नाव निघालं की आजी हातातलं काम थांबवून गप्प बसायची. अलिबाग-रेवस पट्ट्यातल्या माझ्या पिढीच्या बहुतेकांना हे दोन्ही रामदास ठाऊक असतील. माझा जन्म १९५१ चा, म्हणजे बोट बुडाल्यावर चार वर्षांनी. पण "रामदासच्या वर्षी अमक्याचं लग्न झालं", "रामदासच्या आधी तमकं घर बांधलं" अशी कालगणना ऐकतच मी मोठी झाले.

तरुण मंडळींसाठी थोडक्यात सांगते. १७ जुलै १९४७. स्वातंत्र्याला जेमतेम महिना उरला होता. गटारी अमावास्येला घरी जायचं म्हणून मुंबईतल्या चाकरमान्यांनी भाऊच्या धक्क्यावर गर्दी केली होती. सकाळी आठच्या सुमारास ‘रामदास’ रेवसला निघाली. पाऊस, वारा, त्यात अमावास्येचं उधाण. काशाच्या खडकाजवळ ती कलंडली आणि बुडाली. सहाशेहून अधिक माणसं गेली. बोटीवर बिनतारी यंत्रणा नव्हती, त्यामुळे मुंबईला खबर लागायला दुपार उलटून गेली. रेवसकडून मासळी घेऊन मुंबईकडे निघालेल्या कोळ्यांनी मासळी समुद्रात टाकून दिली आणि हाताला लागतील तेवढी माणसं होडीत ओढून घेतली, असं आमच्याकडे आजही आदरानं सांगतात.

आमच्या आळीत एक आजी होत्या. त्यांच्या घरचा कुणीतरी त्या बोटीवर होता. कोण, ते आम्हा मुलांना कधी कुणी नीट सांगितलं नाही. सगळी आळी गटारी साजरी करायची, त्या मात्र दार लोटून बसायच्या. एवढंच आठवतं.

आमच्या आजोबांनी रामदासमधून वाचलेल्या एका माणसाची हकिगत ऐकली होती. बोट एका अंगाला कलली, पाणी आत आलं, तशी माणसं जिवाच्या भीतीनं दुसऱ्या अंगाला पळाली. "लाटेनं बोट कलती केली, माणसांनी ती पालथी केली," असं आजोबा म्हणायचे. पुढे आम्हाला होडीत बसवताना त्यांचा पहिला हुकूम ठरलेला असायचा: "बूड टेकव आणि हलू नकोस."

शास्त्र हा काही माझा विषय नव्हे. मी मराठी आणि इतिहास शिकवला. पण शाळेत आमच्या शास्त्राच्या बाईंनी एकदा बादलीत पत्र्याचा डबा तरंगवून मला हे समजावून दिलं होतं. डब्याच्या तळाशी खडे ठेवले तर डबा डुलतो पण पडत नाही. तेच खडे वरच्या कडेला चिकटवले की जराशा धक्क्यानं तो उलटा होतो. होडीत उभा राहिलेला माणूस म्हणजे वर चिकटवलेला खडा. आणि पन्नास माणसं एकदम एका कडेला गेली की डबा पाणी पिणारच, मग समुद्र शांत असो नाहीतर तळं असो.

तळ्याचं म्हणते ते उगीच नाही. ३० सप्टेंबर २००९ ला केरळात थेक्कडीच्या पेरियार तलावात ‘जलकन्यका’ नावाची दुमजली पर्यटन बोट उलटली आणि ४५ जण दगावले. ना वादळ, ना उधाण. काठावर रानटी जनावरं दिसली म्हणून माणसं पाहायला एका बाजूला गेली, आणि बोटीची ठेवणही मुळात तोलाला कच्ची निघाली. रामदासनंतर ६२ वर्षांनी तीच गोष्ट. रामदासवरची माणसं भीतीनं पळाली होती, ही मौजेनं.

हौसेच्या होडीत आपण बेसावध असतो, हे मला फार जाणवतं. रेवसची बोट धरणारा माणूस समुद्र ओळखून असायचा. पाऊस पाहून एखाद्या दिवशी घरीच राहायचा. सहलीच्या माणसाला ती सवड नसते. खोलीचे पैसे भरलेले असतात, परतीची गाडी ठरलेली असते, मुलांना कबूल केलेलं असतं. शिवाय चारचौघांत "मला भीती वाटते" म्हणायची लाज. भीड भिकेची बहीण, असं आम्ही म्हणींच्या तासाला घोकून घ्यायचो. पाण्यावर ती भिकेपाशी थांबत नाही.

याचा मला आलेला अनुभव सांगते. १९८६ सालची गोष्ट. नववीची सहल मुरूड-जंजिऱ्याला नेली होती. मुलंमुली मिळून ६४, आम्ही शिक्षक चौघं. राजपुरीच्या धक्क्यावरून शिडाच्या होड्या किल्ल्यात नेतात. दुपारचे तीन वाजत आले होते, ओहोटी सुरू झालेली. तांडेल म्हणाला, "बाई, सगळ्यांना एकाच खेपेत घेतो, परत यायला वेळ नाही." होडीत आधीच वीस-पंचवीस दुसरे प्रवासी बसलेले. काठ पाण्यापासून हातभरसुद्धा वर दिसत नव्हता, आणि आमची ६४ अजून धक्क्यावर होती. जॅकेट हा शब्द तेव्हा आमच्या कानावरूनही गेला नव्हता.

मी म्हटलं, या होडीत मुलं बसणार नाहीत. आमची वेगळी होडी, आणि तीही दोन खेपांत.

मग जो तमाशा झाला तो आजही डोळ्यांपुढे आहे. तांडेल चिडला, तो समजण्यासारखा. त्याचं पोट त्या खेपांवर. होडीत बसलेले लोक "बाई, बसा की, रोज जातात माणसं" म्हणून ओरडत होते. पण आमच्यातलेच एक ज्येष्ठ सहकारी, त्यांचं नाव सांगत नाही, मुलांसमोर मला म्हणाले, "एवढं भ्यायचं होतं तर सहल काढायची कशाला?" मुलं खो खो हसली. मला घाम फुटला होता हो. माझं वय तेव्हा ३५, नोकरीत फार जुनी नाही, आणि समोर अख्खा धक्का माझ्याकडे पाहत होता. गप्प बसून मुलांना होडीत चढवणं त्या क्षणी सगळ्यांत सोपं होतं.

शेवटी ३२ मुलं दुसऱ्या होडीतून किल्ला पाहून आली. तोवर पाणी उतरलं, वाराही पडला, आणि उरलेल्या ३२ जणांनी जंजिरा धक्क्यावरूनच पाहिला. ती भरलेली होडीसुद्धा सुखरूप गेली आणि सुखरूप आली. हे मुद्दाम सांगते, कारण अशा होड्या बहुतेक वेळा सुखरूपच येतात आणि म्हणूनच आपण पुढच्या वेळी पुन्हा बसतो. त्या ३२ मधला एकजण आता पन्नाशी ओलांडून गेलाय. बाजारात भेटला की अजून म्हणतो, "बाई, तुमच्यामुळे माझा जंजिरा राहिला." मी म्हणते, जा की आता, कोण अडवतंय? तर म्हणे गुडघे दुखतात. असो.

१८ जानेवारी २०२४ ला बडोद्याच्या हरणी तलावात शाळेच्या सहलीची होडी उलटली, तेव्हा मला तो धक्का आठवला. १२ मुलं आणि दोन शिक्षिका गेल्या. होडीत क्षमतेहून कितीतरी जास्त जण होते आणि बहुतेक मुलांच्या अंगावर जॅकेट नव्हतं. मी त्या दोघींना दोष देत नाही. त्याही मुलांसोबत त्याच होडीत होत्या. पण होडी भरत असताना त्यांच्या मनात काहीतरी चुकचुकलं असेल का आणि त्या भिडेनं गप्प राहिल्या असतील का, हा प्रश्न मला त्या रात्री झोपू देईना. शिक्षकाला ‘नाही’ म्हणायची सवय वर्गात असते. ठेकेदारापुढे, वरिष्ठांपुढे नसते.

आता जॅकेटबद्दल. माझी लेक हैदराबादला असते. तिची मुलगी दहा वर्षांची असल्यापासून हुसेनसागरावर शिडाची होडी शिकते. हुसेनसागर म्हणजे शहराच्या मधोमध असलेलं सोळाव्या शतकातलं तळं. ते साधं वाटतं खरं. पण १९९० च्या मार्चमध्ये याच तळ्यात बुद्धाची अजस्र मूर्ती तराफ्यावरून नेताना तराफा कलला आणि मूर्ती माणसांसकट पाण्यात गेली. काहीजण बुडाले. मूर्ती दोन वर्षांहून अधिक काळ तळाशी होती, १९९२ च्या डिसेंबरात वर काढली. हे माहीत असल्यामुळे मी पहिल्यांदा काठावर जाऊन बसले तेव्हा पदर मुठीत धरूनच बसले.

मुलांच्या त्या होडीला ऑप्टिमिस्ट म्हणतात. पावणेआठ फुटांची, पुढून चपटी, आंघोळीच्या टबासारखी दिसते. क्लार्क मिल्स नावाच्या माणसानं अमेरिकेत फ्लोरिडामध्ये ती १९४७ साली तयार केली. रामदास बुडाली तेच साल! हे कळल्यावर मी नातीला रामदासची गोष्ट सांगितली. तिनं सगळी ऐकून विचारलं, "आजी, त्यांचं कॅप्साइझ ड्रिल झालं नव्हतं?"

हे कॅप्साइझ ड्रिल म्हणजे होडी मुद्दाम उलटवायची. सुरुवातीच्या धड्यांतच ते येतं. वारा कसा धरायचा, सुकाणू कुठं वळवायचं, याचं तंत्र पुढे हळूहळू येतच राहतं, पण होडी उलटली तर काय करायचं हे लवकर अंगात मुरवून घेतात. पोर होडीसकट धपकन पाण्यात पडते. होडीच्या पोटातून मधे एक उभी फळी खाली गेलेली असते. होडी आडवी झाली की ती फळी बाजूला येते. पोरानं पोहत वळसा घालून तिच्यावर चढायचं, काठ धरून मागे रेलायचं, की होडी हळूहळू सरळ होते. मग आत चढून पाणी उपसायचं. उपसायची डबी होडीला दोरीनं बांधलेली, कारण न बांधलेली डबी होडी उलटल्यावर सापडत नाही. होडीत हवेच्या फुगीर पिशव्या असतात, त्यामुळे ती पालथी झाली तरी बुडत नाही. पोरानं डोक्यावर हात ठेवला की ‘मी ठीक आहे’ ही खूण. आणि जवळच शिक्षकांची मोटरबोट घिरट्या घालत असते. पहिल्यांदा माझी नात पाण्याखाली गेली तेव्हा मी उठून उभीच राहिले. डोकं वर आलं, हात डोक्यावर गेला, तेव्हा खाली बसले.

त्या मुलांना एक गोष्ट पढवून ठेवलेली असते: होडी सोडून काठाकडे पोहायचं नाही. काठ दिसतो जवळ, पण पाण्यावरचं अंतर डोळ्याला फसवतं. माणूस अर्ध्यात दमतो; शिवाय शोधणाऱ्याला पालथी होडी दिसते, एकटं डोकं दिसत नाही.

नातीनंच मला जॅकेटांतला फरक शिकवला. मी तिच्या अंगावरच्या जॅकेटला लाइफ जॅकेट म्हटलं तर म्हणाली, "हे लाइफ जॅकेट नाही, आजी. बॉयन्सी एड." मग आतली पट्टी दाखवली, तिच्यावर ५० लिहिलेलं. हा आकडा न्यूटनचा. दहा न्यूटन म्हणजे साधारण एक किलो उचल. तिचं जॅकेट हातपाय मोकळे ठेवतं, पोहता येणाऱ्याला आधार देतं, पण शुद्ध हरपली तर तोंड पाण्याबाहेर ठेवेलच असं नाही. समुद्रावर प्रवाशाला लागतं ते १०० किंवा त्याहून वरचं, मानेमागे जाड कॉलर असलेलं. ते माणसाला उताणा फिरवायला मदत करतं. मला वाटायचं, एवढ्याशा फोमनं काय होणार? तर पाण्यात आपलं बाकीचं शरीर जवळजवळ तरंगतंच. बाहेर ठेवायचं असतं ते चार-पाच किलोचं डोकं.

आपल्याकडे धक्क्यावर जे नारिंगी जॅकेट हातात देतात त्याच्यावर हे सगळं कुठं वाचायला मिळतं? अर्ध्यांचे पट्टे तुटलेले, फोम दबून पापड झालेला. सहा वर्षांच्या पोराला वडिलांच्या मापाचं जॅकेट घालतात आणि फोटो काढतात. अशा जॅकेटमधून पोर पाण्यात पडल्यापडल्या खालून निसटतं, जॅकेट तेवढं वर तरंगत राहतं. पाहायची रीत सोपी आहे. जॅकेट घालून पट्टे आवळले की मुलाच्या खांद्यांवरचे दोन्ही भाग धरून वर ओढायचं. जॅकेट कानांपर्यंत आलं तर ते त्याच्या मापाचं नाही. मुलांच्या चांगल्या जॅकेटला दोन पायांच्या मधून जाणारा एक पट्टा असतो. तो लावताना मुलं कुरकुर करतात, करू देत.

"मला पोहता येतं, मला नको," म्हणणारे काका प्रत्येक कुटुंबात असतात. आमच्याकडे तर तीन आहेत! विहिरीत सूर मारणं वेगळं आणि साडी, जीन्स, बूट अंगावर असताना अचानक गार पाण्यात पडणं वेगळं. डोक्याला होडीचा काठ लागला की पोहण्याचं सगळं शिक्षण तिथंच संपलं. आणि बुडणारा माणूस सिनेमातल्यासारखा ‘वाचवा’ म्हणून ओरडत नाही. श्वास घ्यायलाच तोंड पुरत नाही, ओरडणार कशानं? शिडी चढत असल्यासारखे हात पाण्याखाली हलतात, मान मागे पडते, आणि शेजारच्याला वाटतं, मजेत पोहतोय.

१८ डिसेंबर २०२४ ला गेटवेहून घारापुरीला निघालेल्या ‘नीलकमल’वर नौदलाची वेगवान बोट आदळली. १५ माणसं गेली. प्रवाशांपैकी बहुतेकांच्या अंगावर जॅकेट नव्हतं, आदळल्यावर मग शोधाशोध, असं वाचलेल्यांनी सांगितलं. त्यानंतर गेटवेवर जॅकेट घालणं सक्तीचं केलं, हे चांगलंच झालं. सीटखाली ठेवलेलं जॅकेट मोटारीच्या डिकीतल्या हेल्मेटसारखं. बोट बुडताना कलती असते, माणसं अंगावर पडत असतात, कुणाला पट्टे सापडत नाहीत.

इथे एक बारीक गोष्ट मला उशिरा कळली. बंद केबिनमध्ये फोमचं जॅकेट घालून बसलं आणि बोट पालथी झाली, तर तेच जॅकेट माणसाला आतल्या छताशी, म्हणजे खरं तर तळाशी, दाबून धरतं. खाली बुडी मारून दारातून निघता येत नाही. म्हणून जॅकेट घालायचं आणि उघड्यावर बसायचं. गारवा सुटतो म्हणून आत जाऊन बसणाऱ्या माझ्या बहिणींनी याची नोंद घ्यावी.

हे सगळं आज लिहायला बसले त्याचं कारण घरच्या मंडळींना ठाऊक आहे. येत्या डिसेंबरात आमचं कुटुंब तारकर्लीला जमतंय. लहानमोठी ३४ माणसं, त्यांत बारा मुलं, सगळ्यांत धाकटा चार वर्षांचा. भाच्यानं कार्यक्रम आखून व्हॉट्सअ‍ॅपवर टाकला: देवबागहून डॉल्फिन पाहणे, खाडीच्या तोंडाची वाळूची बेटं, सिंधुदुर्ग किल्ला, सूर्यास्ताला होडीतून फेरी. मी एकच प्रश्न टाकला, "मुलांच्या मापाची जॅकेटं किती?" उत्तरादाखल हसणारे पिवळे चेहरे आले. धाकट्या जावेनं लिहिलं, "बाईंचा तास सुरू!" भाच्यानं रात्री फोन केला. "मावशी, तू सगळ्यांना घाबरवतेस. रोज शेकडो लोक जातात."

तारकर्लीच्याच समुद्रात २४ मे २०२२ ला पर्यटकांची बोट उलटून दोघंजण गेले, हे मी त्याला सांगितलं. मोसम संपत आलेला होता. आमच्याकडे नारळी पौर्णिमेला दर्याला नारळ देईपर्यंत कोळी होडी बाहेर काढत नाहीत. पावसाच्या अलीकडचे दिवसही तसेच वाऱ्याच्या लहरीवर असतात. डिसेंबर त्या मानानं सौम्य, हे कबूल. पण देवबागला कर्ली नदी समुद्राला मिळते. ओहोटीला खाडीचं सगळं पाणी त्या तोंडातून बाहेर धावतं आणि समोरून लाट येते. दोघांची जिथं गाठ पडते तिथं पाणी उकळल्यासारखं होतं. अमावास्या-पौर्णिमेला उधाण, तेव्हा हे जास्त. अष्टमीच्या सुमाराला भांग, तेव्हा कमी. आमच्या लहानपणी हे घराघरांत माहीत असायचं, आता कालनिर्णयाच्या पानावर तिथी असते पण पाहतो कोण? तेव्हा तारीख ठरली आहे तर निदान वेळ तरी भरती-ओहोटी विचारून ठरवावी, असं मी त्याला म्हटलं.

सूर्यास्ताच्या फेरीला माझा विरोध आहे आणि तो राहील. ७ मे २०२३ ला केरळात तानूरला अंधार पडल्यावर गच्च भरलेली बोट उलटली आणि २२ जण गेले. अंधारात पाण्यात पडलेलं माणूस मोजता येत नाही, दिसत तर नाहीच. सूर्यास्त किनाऱ्यावरून अगदी तसाच दिसतो, आणि तिथं चहाही मिळतो.

पुरुषमंडळींना एक सांगणं आहे, ते रागावले तरी चालेल. रात्रीचं जे काय असेल ते रात्री, होडीनंतर. होडीत आणि होडीआधी नाही.

चढता-उतरतानाही सांभाळायला हवं. होडी लाटेबरोबर हातभर वर-खाली होत असते आणि धक्का जागचा हलत नाही. त्या फटीत पाय सापडला की चिरडतो. होडी वर येईल त्या क्षणी, खलाशाचा हात धरून, एका वेळी एकानंच पाय टाकायचा. हातात पिशवी, मोबाइल, कडेवर मूल, असं काही नको. मूल आधी खलाशाकडे द्यायचं. आमच्या वयाच्या बायकांनी त्या दिवशी साडी नेसू नये, असं मी म्हणते आहे. हो, मीच म्हणते आहे. मी पंजाबी ड्रेस शिवायला टाकलाय.

किनाऱ्यावर थांबणाऱ्या एकाकडे किती माणसं गेली आणि किती वाजता परतणार याचा कागद ठेवायचा. तो मी ठेवीन. तटरक्षक दलाचा १५५४ हा नंबर प्रत्येकानं फोनमध्ये भरून घ्यावा, फोन प्लॅस्टिकच्या बंद पिशवीत गळ्यात अडकवावा. जॅकेटला शिट्टी असते ती वाजते का, ते आधी फुंकून पाहावं. मुलं तर आनंदानं पाहतील.

भाचा शेवटी म्हणाला, "मावशी, ज्यांना समुद्राची खरी हौस असते ती माणसं इतका विचार करत नाहीत." यावर मला बोलायलाच हवं होतं. दिलीप दोंदे हा आपला माणूस. १९ ऑगस्ट २००९ ला मुंबईहून ‘म्हादेई’ या शिडाच्या नौकेतून एकटा निघाला आणि चार ठिकाणी थांबत पृथ्वीप्रदक्षिणा करून मे २०१० मध्ये परत आला. असं करणारा पहिला भारतीय. ती नौका गोव्यात दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकरांच्या कारखान्यात बांधली. अशी एकटी निघणारी माणसं डेकवर येताना अंगातल्या पट्ट्याचं टोक नौकेला अडकवून ठेवतात, कारण पाण्यात पडलं तर वळून न्यायला यायला मागे कुणीच नसतं. अभिलाष टॉमी हा नौदलातला दुसरा बहाद्दर. सप्टेंबर २०१८ मध्ये हिंदी महासागराच्या दक्षिणेला वादळात त्याच्या नौकेची डोलकाठी मोडली, पाठीचा कणा जायबंदी झाला, उठता येईना. त्यानं मदतीचा संदेश पाठवला आणि नौका न सोडता तीन दिवस पडून राहिला, तेव्हा कुठे फ्रेंच जहाज पोचलं. तोच माणूस पुढे त्याच शर्यतीत पुन्हा उतरला आणि २०२३ मध्ये दुसरा आला. या दोघांना समुद्राची हौस नाही, असं म्हणणार का?

भाचा थोडा वेळ गप्प होता. मग म्हणाला, "बरं, विचारतो."

काल त्याचा फोन आला. देवबागच्या होडीवाल्याशी बोलणं झालं. एका होडीत किती बसवणार, हे विचारल्यावर तो म्हणाला, दहा. जास्त म्हणालात तरी घेणार नाही. ओहोटीच्या वेळेला आपणहून नको म्हणाला. म्हणजे माणूस जाणता दिसतोय. मुलांच्या जॅकेटांचं विचारलं तर म्हणाला, "बारकी जॅकेटा सा आसत. बाकीची हाडतंय."

मुलं बारा आहेत. उरलेली सहा कधी आणणार, ते भाच्यानं विचारलेलं नाही. आज संध्याकाळी मीच फोन करणार आहे.